फटका नेमका कसा मारायचा: बोलताना, बातमीत आणि कवितेत

परवा रात्री साडेनऊला भाचीचा फोन आला, "मामा, फटका म्हणजे काय रे?" मी म्हटलं, शॉट. तर म्हणे "क्रिकेटचा नाही रे, मराठीचा, काव्यप्रकार आहे, दोन मार्कांना येतो." दोन मार्कांच्या प्रश्नाला मी चाळीस मिनिटं उत्तर दिलं, शेवटी तिने "बरं बरं कळलं" करून ठेवून दिला, आणि मग डोक्यात राहिलेलं सगळं इथे लिहून काढतोय. मी आधी एका दैनिकाच्या डेस्कवर सहा वर्षं काढलीयेत, तिथे हा शब्द रोज हातात यायचा आणि रोज चुकीच्या जागी बसलेला दिसायचा, त्यामुळे थोडा राग पण आहे, सांभाळून घ्या.

आधी साधं मारण्यापासून सुरू करू. मराठीत मारायला शब्दांची काही कमी नाही, हाणणे बडवणे चोपणे बदडणे धोपटणे कुटणे झोडपणे, पण नाम निवडताना एकच गोष्ट बघायची, मारलं कशानं. उघड्या पंजाने गालावर ती थप्पड नाहीतर चपराक, पाठीत पंजा पडला तर धपाटा नाहीतर रट्टा, मूठ असली की गुद्दा, बुक्की, ठोसा, बोटांनी डोक्यात टपली, काठीचा जाड घाव बसला की टोला. आणि फटका? फटक्याला हातात काहीतरी लांब आणि लवचिक लागतं, छडी, वेत, चाबूक, पट्टा, दोरी, झाडू. आमची आजी अंगण झाडता झाडता खराट्याचा फटका द्यायची, पोटरीवर, वळून न बघता. तो लागायचा कमी आणि झोंबायचा जास्त, आणि आपण "आई गं" म्हणेपर्यंत ती तुळशीपाशी पोचलेली असायची. फटका म्हणजे हे. वजन नाही, वेग. हाड मोडत नाही, वळ उठतो. म्हणून "बुक्कीचा फटका" कुणी म्हणत नाही आणि "हातोड्याचा फटका" लिहिलंत तर वाचणारा अडखळतो, हातोड्याचा घाव असतो.

हे डोक्यात पक्कं ठेवा, कारण पुढे नुकसान असो, क्रिकेट असो की कविता असो, फटक्याचा हा स्वभाव कुठेच सुटत नाही.

आता क्रियापद. मारणारा फटका मारतो, देतो, लगावतो, ओढतो पण ("पाठीवर एक फटका ओढला"). खाणाऱ्याला तो बसतो, किंवा तो फटके खातो. "फटका मिळाला" नाही, "फटका झाला" तर अजिबातच नाही. यातलं 'देणे' मला भारी वाटतं, मराठी माणूस मारतो कमी आणि देतो जास्त. एक देईन, दोन ठेवून देईन, कानाखाली देईन. "एक ठेवून दिली" म्हटलं की ती थप्पडच, नाव घ्यायची गरज नाही, 'दिली' वरूनच कळतं. तुकोबांची ती ओळ सगळ्यांना "नाठाळाचे माथी हाणू काठी" अशी पाठ असते ना, गाथेत ती "नाठाळाचि काठी देऊं माथां" अशी मिळते. आधीच्या अर्ध्या ओळीत भल्या माणसाला लंगोटी 'देऊं' आणि नाठाळाला काठी पण 'देऊं', म्हणजे दान आणि मार एकाच क्रियापदात. लोकांच्या तोंडी ते हाणू झालं आणि ओळीचा आवाज वाढला, पण माझ्या मते 'देऊं' मध्ये जो थंडपणा आहे तो त्यात गेला. मारामारीचा सीन लिहिणाऱ्याने हे जरूर बघावं, जोरदार क्रियापद घातलं की मार जोरात लागतो असं काही नसतं.

अजून एक गंमत, एकवचन आणि अनेकवचन. "याला फटके दिले पाहिजेत" म्हणजे खरेखुरे, छडीने. "याला फटका दिला पाहिजे" म्हणजे मतदानात, धंद्यात, कुठेतरी. अनेकवचनात कातडी आहे, एकवचनात हिशोब आहे (क्रिकेट सोडून, ते पुढे येतंच). हा फरक कुठल्या व्याकरणात वाचलेला नाही पण बोलणारा माणूस सहसा चुकत नाही. अनेकवचनाला इतिहास पण आहे, फटक्यांची शिक्षा ही इथे कायद्यातली शिक्षा होती, ब्रिटिशांनी १८६४ मध्ये त्यासाठी वेगळा कायदाच केला होता आणि ती रद्द व्हायला १९५५ साल उजाडलं. शाळेतली छडी त्याहून खूप उशिरा गेली, म्हणजे शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शाळेत मुलांना मारायला बंदी घातली. आजच्या दहावीतल्या पोराला फटका म्हटल्यावर छडी आठवत नाही, बॅट आठवते. त्यात त्याची चूक नाही, बरंच झालं खरं तर.

बातमीतला फटका

डेस्कवर एकदा एकाच पानावर चार हेडलाईनी लागल्या होत्या, अवकाळीचा द्राक्षांना फटका, संपाचा प्रवाशांना फटका, मंदीचा बांधकामाला फटका, आणि चौथी, आता सांगायला लाज वाटते, माझी होती, "नेत्याला हृदयविकाराचा फटका". आमच्या सरांनी लाल पेनाने चारही फटक्यांना गोल केला आणि पान परत पाठवलं, खाली लिहिलं होतं, "पान आहे की पोलीस चौकी?" तेव्हापासून मी शिकलो ते सांगतो.

हृदयविकाराचा असतो झटका. झटका आतून येतो, अंग झटकतं, फेफऱ्याचा झटका. फटका बाहेरून येतो. वाईट बातमीने बसतो तो धक्का. कोर्टाने किंवा पालिकेने कुणाला जागेवर आणलं तर दणका, कारण दणक्यात "बरं झालं, पाहिजेच होतं" असा सूर असतो, म्हणून गरिबाच्या टपरीवर कारवाई झाली की तिथे 'दणका' लिहू नका, तुम्ही नकळत बाजू घेता. पुढाऱ्याने पुढाऱ्याला बोलून मारलं तर टोला, आणि हा टोला आता इतका घासून गुळगुळीत झालाय की पत्रकार परिषदेत कुणी खोकलं तरी टोला लगावला असं छापून येतं. हळूहळू, रोज थोडं थोडं नुकसान होतंय तर ती झळ. महागाईची झळ. झळ म्हणजे दूरच्या आगीची ऊब अंगाला लागावी तशी, ती सहन होते, होत राहते. फटका एकदम येतो.

तडाखा आणि फटका यातला फरक एका उदाहरणात सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड भागात नारळी-पोफळीच्या वाड्या अक्षरशः आडव्या झाल्या, घरांचे पत्रे उडाले. हा वादळाचा तडाखा. तो दिवसभरात संपला. पण सुपारीचं झाड लावल्यापासून नीट धरायला लागायला वर्षं जातात, म्हणजे वाडीवाल्याचं पुढच्या कितीतरी वर्षांचं उत्पन्न गेलं, तो त्याला बसलेला फटका. तडाखा झाडाला बसतो, फटका माणसाच्या खिशाला बसतो. दोन्ही शब्द वापरायचे तर या क्रमाने वापरा, उलटे नको.

आणि 'फटका बसला' लिहिताना किती आणि कुणाला हे लगेच पुढे आलं पाहिजे. "व्यापाऱ्यांना मोठा फटका बसला" हे वाक्य काहीच सांगत नाही, "दोन दिवस गाडी आली नाही, कोथिंबीर जागेवर सडली, गाळ्यामागे आठ-दहा हजारांचा फटका" हे सांगतं. फटक्याचा वळ दिसला पाहिजे, नाहीतर तो हवेत मारलेला.

क्रिकेटचं पटकन उरकतो. रेडिओवर बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकत मोठ्या झालेल्या पिढीला फटका हा शब्द कानात मुरलेला आहे. गंमत अशी की इथे येऊन तो सुंदर झाला, देखणा फटका, नजाकतीचा फटका, छडीच्या फटक्याला कुणी देखणा म्हणेल का. पण मूळ स्वभाव तोच, मनगट आणि वेग. नुसता चेंडू अडवला तर त्याला फटका म्हणत नाहीत, आणि दांडपट्ट्यासारखी बॅट फिरवून मैदानाबाहेर घालवला तर टोला जास्त शोभतो. एक टायपिंगची सूचना, फटकेबाजी आणि फटाकेबाजी यात एका कान्याचा फरक आहे, दिवाळीत मॅच असली की हटकून चुकतं, दोनदा वाचा.

याच घरातले बाकीचे लोक पण ओळखीचे असू द्या. फटकळ म्हणजे तोंडाने फटके देणारा, मनात काही नसतं पण बोलणं झोंबतं, खडूस वेगळा. फटकारणे म्हणजे शब्दाने झापणे. कुंचल्याचा फटकारा म्हणजे चित्रकाराने एका वेगात ओढलेली रेघ, व्यंगचित्रकाराबद्दल लिहिताना हा शब्द किती चपखल आहे बघा, रेघ पण आणि मार पण. फटकून वागणे म्हणजे अंतर ठेवून वागणे.

कवितेतला फटका

आता भाचीच्या दोन मार्कांवर येतो. फटका हा मराठी शाहिरी कवितेतला उपदेशाचा प्रकार, आणि त्याचं नाव घेतलं की संगमनेरचे अनंत फंदी आलेच (१७४४ ते १८१९). मूळचे तमासगीर, पुढे अहिल्याबाई होळकरांच्या सांगण्यावरून तमाशा सोडून कीर्तनाकडे वळले अशी आख्यायिका आहे. त्यांची ओळ सगळ्यांना येते:

बिकट वाट वहिवाट नसावी, धोपटमार्गा सोडुं नको

ही ओळ आपण इतकी वापरलीय की तिच्यात काय आहे ते बघायचं राहून जातं. वहिवाट म्हणजे रोजचा वापर, शेताच्या बांधावरून भांडण झालं की तहसीलदाराकडे "वहिवाटीचा रस्ता" हा शब्द आजही येतो. धोपटमार्ग म्हणजे शेकडो पायांनी धोपटून सपाट केलेला रस्ता, आणि धोपटणे म्हणजे काय ते कपडे धुताना कळतं. म्हणजे मराठीतल्या सगळ्यात प्रसिद्ध फटक्याच्या पहिल्याच ओळीत मारण्याचा दुसरा एक शब्द बसलाय, पण तिथे तो कुणाला लागत नाही, पायाखाली आहे.

ही ओळ मोजा. लघु म्हणजे ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, गुरू म्हणजे दीर्घ किंवा जोडाक्षराच्या आधीच्या अक्षराच्या दोन. "बिकट वाट वहि" आठ, "वाट नसावी" आठ, "धोपटमार्गा" आठ, "सोडुं नको" सहा. आठ-आठ-आठ-सहा, एकूण ३०. शेवटच्या तुकड्यात दोन मात्रा कमी आहेत, त्या रिकाम्या जागेत श्वास घ्यायचा किंवा टाळी द्यायची. वेत वर गेला, खाली आला, आणि पुढचा यायच्या आत जी शांतता असते ना, ती ही दोन मात्रांची. आणि पहिल्या तुकड्यात एक वाट आहेच, शिवाय वहिवाटचा 'वाट' बरोबर दुसऱ्या ठेक्याच्या सुरुवातीला पडतो, त्यामुळे कानाला वाट, वाट असं दोनदा ऐकू येतं. हे ठरवून केलं की सवयीने आलं देव जाणे, पण म्हणून बघा, पाठ का होते ते कळेल.

लिहायचा कसा? माझी पद्धत सांगतो. समोर एक माणूस धरायचा आणि त्याला 'तू' म्हणायचं. समाज, आजची पिढी, मानव असलं काही समोर घेतलं की फटका हवेत. मग 'नको' वर संपणाऱ्या सहा मात्रा आधी ठरवायच्या, कारण मार तिथे बसणार आहे, बाकी ओळ म्हणजे हात उचलणं. इथे नवखे लोक अडकतात. 'सोडु नको' मध्ये सो गुरू आहे म्हणून डु ऱ्हस्वच घ्यावा लागतो, दीर्घ केला की सात होतात. 'फिरू नको' मध्ये फि लघु आहे म्हणून रू दीर्घ. शुद्धलेखनाची वही बाजूला ठेवा आणि टेबलावर बोटाने ठेका धरा.

मी आमच्या सोसायटीच्या गणपतीत वाचायला एक लिहिला होता. पहिला खर्डा असा, "सकाळी उठल्यावर लगेच मोबाईल बघू नये". हा फटका नाही, ही दवाखान्यातली पाटी आहे. 'नये' ने सगळ्यांना सांगितलं म्हणजे कुणालाच नाही. दुसरा खर्डा, "सकाळी लवकर उठून तू मोबाईल बघू नको", इथे तू आला, नको आला, पण ठेका कुठे आहे, आणि लवकर उठणाऱ्याला का मारायचं? मोबाईल कुठे असतो ते बघितलं तेव्हा ओळ आली:

सकाळ होता उशाखालचा फोन लगोलग उघडु नको
फुलाफुलांचा सुविचाराचा कचरा पुढती ढकलु नको

'उशाखालचा' आल्यावर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर दिसतं, कारण सगळ्यांचाच तिथे असतो. वस्तू दाखवायची, दोष आपोआप दिसतो. "आळस करू नको" मध्ये वस्तू नाही म्हणून लागत नाही. पुढे:

गाडीपायी शेजाऱ्याशी सोसायटीत भांडु नको
वर्षभराची थकबाकी अन् सेक्रेटरिला छेडु नको

शेवटच्या ओळीत 'सेक्रेटरीला' नऊ मात्रा होत होत्या म्हणून री आखूड केली. शाहिरांनी असं केलेलं चालतं, आपलं पण चालवून घ्यावं.

फटका जुना झाला असं वाटत असेल तर कुसुमाग्रजांचा बघा. स्वातंत्र्याला ५० वर्षं झाली त्यावेळचा, स्वातंत्र्यदेवता स्वतः बोलतेय, "पन्नाशीची उमर गाठली अभिवादन मज करू नका". मोजा, तेच आठ-आठ-आठ-सहा. पण फंदींचा 'नको' इथे 'नका' झालाय. फंदी अंगणातल्या एका पोराशी बोलतात, इथे सगळा देश समोर उभा आहे, म्हणून अनेकवचन. आणि बोलणारी हात जोडून विनवतेय, वेत हातात नाहीच. ज्याला मारायचा हक्क आहे त्याने हात जोडले की जो वळ उठतो तो छडीने उठत नाही, आजीच्या खराट्यानेही नाही. हे तंत्र मोठं आहे, पण सुरुवातीलाच वापरू नका, आधी 'तू' आणि 'नको' वर दहा-बारा ओळी हात बसू द्या.

लांबी किती? मला सोळा ओळींच्या पुढे ऐकवत नाही. प्रत्येक ओळीला एक फटका, एकाच दोषाला दोन ओळी दिल्या की तो रट्टा होतो. आणि एखादी ओळ स्वतःला लागणारी ठेवा, सकाळी फुलांचे मेसेज पुढे ढकलणारा आमच्या घरात मीच आहे.

गणपतीत वाचलं तेव्हा हशा झाला, टाळ्या पडल्या. थकबाकीवाले दोघं तिसऱ्या रांगेत होते, ते सगळ्यात जोरात हसले. खाली उतरलो तर सेक्रेटरी काका वाटच बघत उभे, हातात प्रसादाची वाटी, म्हणाले, "छान झालं हो, फक्त ते सेक्रेटरी मध्ये री पहिली का घेतली?"

मी तिथेच, प्रसादाच्या टेबलावर, बोटाने आठ मात्रा वाजवून दाखवल्या. त्यांनी पण वाजवून बघितल्या, दोनदा, आणि दुसऱ्यांदा त्यांच्या सात आल्या.